सध्या काय चाललंय? बडोद्यातल्या आमच्या शनिवारच्या बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, जिन्यात, खंडेराव मार्केटात भाजी घेताना लोक हटकून हेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला तोंडी उत्तर दिलं की दर वेळी काहीतरी वेगळं सांगितलं जातं आणि मग "तुम्ही तर म्हणाला होतात..." सुरू होतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांचे, उत्तरं माझी. बैठकीतल्या सगळ्यांना ती पटतील असं मुळीच नाही.

ही बैठक आहे तरी काय?

महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजार, बाबाजीपुरा नाहीतर मांजलपूरमधल्या कुणाच्या तरी घरी पंधरा-वीस माणसं जमतात. आपण सध्या काय वाचतोय, ऐकतोय, विणतोय, पेरतोय, कशाच्या नादी लागलोय, ते ज्याला सांगायचंय त्याने सात मिनिटांत सांगायचं. एका संध्याकाळी आठ-नऊ जणांचं होतं, बाकीचे ऐकतात आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारतात. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणा नाही, आभारप्रदर्शन तर नाहीच नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला कार्यक्रमांचा तोटा कधीच नव्हता. 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी साहित्य संमेलनं या गावाने भरवली आहेत. गणपतीत व्याख्यानं होतात, नाटकं येतात. पण तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे तीनशे. बाहेर पडताना चपला शोधत शोधत आपण शेजारच्याला जे सांगतो, "मी हल्ली एक भन्नाट पुस्तक वाचतोय", ते बोलणं तिथेच अर्धवट राहतं. बैठक त्या अर्धवट राहिलेल्या बोलण्यासाठी आहे.

मी फार वाचत नाही. मी येऊन काय करू?

या. बैठकीला ठरलेलं पुस्तक नसतं. रिफायनरीतून निवृत्त झालेले आमचे एक काका वर्षाकाठी एखादंच पुस्तक हातात धरतात, पण वॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी एकदा रेडिओचं मागचं झाकण काढून दाखवलं. रेडिओ लावल्यावर आवाज यायला वेळ का लागतो, तर वॉल्व्हच्या आतली तार आधी तापावी लागते, मग ते काम सुरू करतं. लहानपणी बातम्यांच्या आधी दोन मिनिटं रेडिओ लावून ठेवायला वडील का सांगायचे, ते त्या संध्याकाळी निम्म्या लोकांना उमगलं.

सात मिनिटांत नेमकं काय सांगायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तरही लांबच द्यावं लागतं.

नवीन माणूस बहुधा लेखकाच्या जन्मगावापासून सुरुवात करतो. मग पुरस्कार, मग कथानक, मग "अतिशय सुंदर पुस्तक आहे, सर्वांनी जरूर वाचावं". सात मिनिटं संपतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हे सगळं पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं असतंच. ते वाचायला तुम्ही कशाला हवेत?

आम्हाला हवी असते ती जागा, जिथे तुम्ही थांबलात. पुस्तक उलटं ठेवून खिडकीबाहेर बघितलंत, किंवा बायकोला हाक मारून "हे ऐक" म्हणालात, ते पान आणा. त्यातल्या दहा-बारा ओळी मोठ्याने वाचा. मग तुम्ही का थांबलात ते तुमच्या शब्दांत सांगा. झालं. पूर्ण कादंबरी आमच्या डोक्यावर ओतू नका. ते पान चांगलं असेल तर कादंबरी आम्ही शोधून काढू.

बैठकीत तीन शब्दांना बंदी आहे: अप्रतिम, निःशब्द आणि लाजवाब. तोंडून निघालेच तर कुणीतरी "म्हणजे काय?" असं विचारतं आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. हा नियम मस्करीत सुरू झाला, पण आता तो आमचा सगळ्यात उपयोगी नियम आहे. "अप्रतिम म्हणजे काय?" याचं उत्तर शोधता शोधता एक बाई म्हणाल्या, "यातली सासू वाईट नाहीये, दमलेली आहे, आणि ते मला सत्तराव्या पानावर कळलं." त्या कादंबरीबद्दल याहून चांगलं कुणी काही सांगू शकेल असं मला वाटत नाही.

कंटाळा कुठे आला तेही सांगा. "पहिली चाळीस पानं रेटावी लागतात, मग गाडी पळते" हे ऐकलं की पुस्तक घेणारा चाळिसाव्या पानापर्यंत धीर धरतो. नुसतीच स्तुती ऐकून आणलेलं पुस्तक पंधराव्या पानावर मिटतं आणि मग त्या माणसाच्या पुढच्या शिफारशीवरही विश्वास राहत नाही.

वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ आहे. ते वाजलं की वाक्य पूर्ण करून थांबायचं. प्राध्यापकांनाही हेच लागू आहे.

मी माझ्या कविता वाचून दाखवू का?

नाही. दुसऱ्या कुणाची आवडली असेल तर अवश्य.

गोष्टीचा शेवट सांगितला तर ऐकणाऱ्याची मजा जात नाही का?

खून कुणी केला, हे सांगू नका. तेवढं पथ्य पुरे. बाकी या बाबतीत हल्ली लोक जरा जास्तच हळवे झालेत, असं माझं मत आहे.

कीर्तनाला बसणाऱ्या कुणाला सीताहरण पुढे येणार आहे हे ठाऊक नसतं? तरी बुवांनी आख्यान लावलं की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात. आपल्या या गावात तर ही परंपरा दोन्ही भाषांत आहे. सतराव्या शतकातला गुजराती कवी प्रेमानंद इथलाच, वडोदऱ्याचा. नळाची, सुदाम्याची, ओखेची कथा तो आख्यानांतून सांगायचा. हाताच्या बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणेवर, म्हणजे मोठ्या घड्यावर, ताल धरत आख्यान गाणारे माणभट्ट गुजरातने अगदी अलीकडपर्यंत ऐकलेत. सुदाम्याला शेवटी महाल मिळतो हे श्रोत्यांना पाठ असायचं. ते ऐकायला यायचे ते पोहे कसे बांधले, कृष्णाने दारापर्यंत धाव कशी घेतली, राण्यांच्या तोंडावर काय उमटलं, हे.

तेव्हा शेवट सांगायचा की नाही याचा फार विचार करू नका. वाट कशी आहे ते सांगता आलं म्हणजे झालं.

गाणं ऐकवायचं असेल तर?

या प्रश्नावर आमचा बराच काथ्याकूट झालाय. फोनमधून चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल कुणी ऐकवू लागलं की पाचव्या मिनिटाला लोक एकमेकांच्या घरची चौकशी करायला लागतात. दोष ख्यालाचा नाही, जागेचा आहे. म्हणून पहिली गोष्ट, स्पीकर आणा. फोनच्या आवाजात तंबोरा ऐकूच येत नाही, आणि तंबोऱ्याशिवाय सूर कुठे टेकला ते कसं कळणार?

दुसरी गोष्ट, तुकडा निवडा. यात जुन्या तबकड्यांसारखा गुरू नाही. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. गवयाला राग, बंदिश, ताना सगळं तेवढ्यात बसवावं लागे. सात मिनिटांच्या हिशेबात ती तबकडी दोनदा ऐकवता येते. एकदा काहीही न बोलता, मग अर्धा मिनिट "आता अमुक जागेकडे कान द्या" असं सांगून पुन्हा. दुसऱ्या वेळी लोकांचे चेहरे बदललेले असतात. माझ्या मते गाणं वाटून घ्यायची याहून सरळ पद्धत नाही, आणि आमच्यात ती सुरू झाली ती उस्ताद फैयाज खांच्या तबकड्यांपासून.

फैयाज खां आमच्या गावचे, म्हणजे बडोदे दरबारचे गायक. घराणं आग्रा, किताब आफताब-ए-मौसिकी, बंदिशींवर नाव प्रेमपिया. 1950 साली ते इथेच वारले. त्यांच्या गाण्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय दाखवायचं? आमच्यातल्या एका आजीने, ज्या स्वतः गाणं शिकलेल्या नाहीत, फार छान दाखवलं. त्या म्हणाल्या, "बंदिश सुरू व्हायच्या आधी ते नोम-तोम करतात ना, ते नुसतं ऐका. शब्द नाहीत, पण कुणीतरी ठणकावून बोलतंय असं वाटतं की नाही?" पुन्हा लावली, आणि सगळ्यांना ते बोलणं ऐकू आलं. धृपदातून आलेली ही आलापी आग्रा घराण्याची खूण आहे, हे कुणीतरी नंतर सांगितलं. ते नंतर सांगितलं, हेच बरं झालं.

बडोद्यात गाण्याबद्दल बोलायला विषय कमी पडत नाहीत. मौलाबक्षांनी 1886 साली इथे गायनशाळा काढली. सुरसागरच्या काठावरच्या संगीत महाविद्यालयाचं मूळ तेच. हिराबाई बडोदेकरांच्या आडनावात आपलं गाव आहे. त्यांचे वडील अब्दुल करीम खां बडोदे दरबारात होते आणि आई ताराबाई माने इथल्याच. पण ही माहिती गाण्याच्या जागी वापरू नका. आधी तबकडी, मग इतिहास.

सिनेमाची गाणी चालतात, लोकगीतं चालतात, गरबा चालतो, नातवाचं रॅपसुद्धा चालतं. पद्धत तीच: एकदा नुसतं, एकदा बोट दाखवून. सिनेमाच्या गाण्यात दोन कडव्यांमधल्या वाद्यांकडे बोट दाखवा. मुखडा सगळ्यांना पाठ असतो, मधलं व्हायोलिन कुणीच ऐकलेलं नसतं.

मराठी पुस्तकं इथे मिळतात कुठे?

नवी पुस्तकं पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून येतात, हे खरं. घरपोच मागवणारेही आहेत. पण जुन्यांसाठी आपल्यासारखं नशीबवान गाव शोधून सापडायचं नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत कधी गेला नसाल तर बैठकीला एक महिना उशिरा या, पण आधी तिथे जाऊन या.

सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि तीनेक वर्षांत संस्थानभर वाचनालयांची घडी बसवून घेतली. फुकट वाचनालय, तेही खेड्यापर्यंत, ही कल्पना हिंदुस्थानात तेव्हा नवी होती. जिथे इमारत उभी करणं परवडत नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. गावाने पेटी ठेवून घ्यायची, वाचायची आणि परत पाठवायची. सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या पोलादी मांडण्या मजल्यावर मजले चढत गेल्यात, आणि खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून मधले मजले जाड काचेचे आहेत. पहिल्यांदा त्यावर पाय ठेवताना माणूस थबकतोच.

मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी एकाच छताखाली. आमच्यातले काही जण तिथून मुद्दाम अशी पुस्तकं काढून आणतात, ज्यांच्या मागच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तारखेचा शिक्का पडलेला नाही. हा एक वेगळाच छंद आहे, आणि त्यातून कधीकधी फार टाकाऊ पुस्तकं निघतात. तीही सांगतात. टाकाऊ पुस्तकाची सात मिनिटं बहुतेक वेळा जास्त रंगतात.

शिवाय बैठकीत दाराशी एक पुठ्ठ्याचं खोकं असतं. वाचून झालेलं ठेवायचं, हवं ते न्यायचं. नोंद नाही, परत करायची सक्ती नाही. आरोग्यविषयक आणि यशस्वी व्हा छापाची पुस्तकं कृपया खोक्यात ठेवू नका, ती कुणी नेत नाही.

कानाने ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का?

धरायचं. ज्ञानेश्वरी किती जणांनी आधी कानांनीच वाचली?

आवडलेल्या पुस्तकाची पीडीएफ सगळ्यांना पाठवली तर?

नको, कारण बहुतेक वेळा ती चोरी असते. हिशेब सोपा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. राम गणेश गडकरी 1919 साली गेले, म्हणजे त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झालीत. ती बिनधास्त पाठवा. ध्वनिमुद्रणाची 60 वर्षं ते प्रसिद्ध झाल्यापासून धरतात, त्यामुळे फैयाज खांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या मोकळ्या झाल्यात. अनुवादाचा हक्क मात्र वेगळा असतो. मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी अनुवादक कदाचित वाघोडिया रोडला राहत असेल.

मराठी पुस्तकाची आवृत्ती बरेचदा हजारभर प्रतींची असते. वीस जणांनी विकत न घेता पीडीएफ फिरवली तर प्रकाशकाला ते नक्की जाणवतं.

माझा छंद हाताचा आहे. तो बोलून कसा सांगणार?

बोलू नका, आणा. आणि शक्यतो अर्धवट आणा. पूर्ण झालेला क्रोशाचा रुमाल हातोहात फिरतो, सगळे "छान आहे" म्हणतात आणि पुढे देतात. सुईवर असलेला अर्धा रुमाल आणला की साखळी कुठे संपते आणि खांब कुठे सुरू होतो ते दिसतं, चुकलेली ओळ उसवताना बघायला मिळते, आणि दहावीतला एखादा मुलगा सुई हातात मागून घेतो. असं झालंय.

झाडांचंही तसंच. मे महिन्यात बडोद्याची गच्ची तापते तेव्हा काय जगलं आणि काय मेलं, हे सांगणारी सात मिनिटं आमच्याकडे दर जूनमध्ये होतात. मेलेल्यांची यादी लांब असते. कुणी कुंड्या भिंतीच्या सावलीत ओढल्या, कुणी दोन वेळा पाणी घालूनही पुदिना गमावला, कुणाची मायाळू मात्र सगळं सोसून वर चढली. ज्याची झाडं मेली त्याचं बोलणं जास्त उपयोगी पडतं.

पक्ष्यांची मंडळी थंडीत रंगात येतात. डभोईच्या पुढे वढवाणा तलाव आहे. गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. दुर्बिणीतून एकदा हे पट्टे ओळखता आले की माणूस पुढच्या रविवारी पुन्हा जातो. फोटो आणायचे असतील तर चार आणा, चारशे नको. पक्षी दिसला नाही तेव्हा तुम्ही तिथे दोन तास काय केलंत, ते सांगितलंत तर बहार.

आणि जानेवारी म्हणजे पतंग. उत्तरायण 14 तारखेला, वासी उत्तरायण 15ला, त्यामुळे त्याच्या आधीची बैठक गच्चीवर भरते आणि तिचा विषय एकच असतो. किन्ना बांधणं, म्हणजे पतंगाला दोरा जोडायची गाठ, ही गोष्ट वाचून कळत नाही. वरचं टोक उभी काडी आणि कमान जिथे भेटतात तिथे, खालचं टोक शेपटीच्या बाजूला. खालचा दोरा वरच्यापेक्षा किंचित लांब, पण बोटभरही नाही. एवढ्याशा फरकावर पतंग शांत उभा राहणार की गिरक्या खाणार ते ठरतं. वारा जोराचा आहे की मंद, कागद कसा आहे, ढील द्यायची आहे की खेचून कापायचंय, प्रत्येकाचं गणित निराळं. सत्तरीतले एक आजोबा आणि सातवीतली एक मुलगी यांच्यात किन्ना कसा बांधावा यावर जो वाद झाला, तो कुठल्याही परिसंवादाहून सरस होता. मुलगी बरोबर होती. नायलॉनचा मांजा कुणी आणू नये. त्यावर 2017 पासून देशभर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी पक्ष्यांची मंडळी तुम्हाला गच्चीवरून खाली उतरवतील.

मराठीतच बोलावं लागतं का?

नाही. इथल्या घरांत सुना गुजराती आहेत, जावई सिंधी आहेत, मुलांचं मराठी "मी जाऊन आवते" या वळणाचं आहे. ज्याला ज्या भाषेत उत्साहाने बोलता येतं त्या भाषेत बोलू द्यावं. गुजराती कादंबरी वाचलेली असेल तर गुजरातीतूनच सांगा, आम्हाला सगळं कळतं. शुद्ध-अशुद्ध काढणाऱ्याला त्या दिवशी चहाचे कप धुवावे लागतात.

मुलांना आणलं तर चालेल?

आणा, पण सादरीकरणासाठी नको. "काकांना श्लोक म्हणून दाखव" हे तिथे चालत नाही. मूल जपानी चित्रकथा, क्रिकेटचे आकडे, कोरियन गाणी, कॅरमचे कट, जे घेऊन येईल ते ऐकायचं आणि त्यावर खरे प्रश्न विचारायचे. मोठ्यांनी "आमच्या वेळी" या शब्दांनी वाक्य सुरू केलं तर टायमर लगेच वाजवला जातो. मुलांनाच टायमर सांभाळायला दिलेला असतो, त्यामुळे ते सोडत नाहीत.

मला जे जीव तोडून आवडलं ते कुणालाच आवडलं नाही तर?

होतं. बहुतेकदा होतं. "मला नाही आवडलं" म्हणायला परवानगी आहे, पण कारण द्यावं लागतं आणि तुम्ही ते पुस्तक वाचलेलं असावं लागतं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. आमच्यात एक गृहस्थ आहेत, ते कायम रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांबद्दल बोलतात. वेळापत्रकात आवडण्यासारखं काय असतं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. पण गाड्यांचे थांबे वाचताना त्यांचा आवाज बदलतो, आणि आता त्यांची पाळी आली की खोलीतले लोक फोन बाजूला ठेवतात. वेळापत्रक आवडायला हवं अशी काही अट नाही.

या महिन्यात नवीन काही झालंच नाही. तरी यायचं?

हो. जुनं पुन्हा वाचलेलं आणा. सोडून दिलेलं आणा, म्हणजे कोणत्या पानावर आणि का सोडलं ते. फोनमुळे वाचन होत नाही, ही तक्रार मात्र सात मिनिटं करू नका. ती आम्हा सगळ्यांचीच आहे. त्यावर कुणाला उपाय सापडला असेल तर तो सांगा. एका वहिनींनी फोन रात्री पोळ्यांच्या डब्यावर ठेवायला सुरुवात केली आणि उशाशी कथासंग्रह ठेवला. एक कथा, मग झोप. कादंबरीपेक्षा कथासंग्रह का, तर कादंबरी रात्री अर्धवट सुटली की सकाळी धागा सापडत नाही. मला हे शहाणपणाचं वाटलं.

खायला काय असतं?

चहा आणि एक कोरडा पदार्थ, तोही विकतचा. भाकरवडी किंवा लीलो चिवडो. यजमानीणबाईंनी स्वयंपाकघरात अडकायचं नाही, म्हणून हा नियम. तो मोडून साबुदाणा वडे केले की पुढच्या घरी त्याहून भारी काही करावं लागतं आणि दोन-तीन महिन्यांत बैठकीचं भोजन होतं. सेव उसळ खायची असेल तर बैठक संपल्यावर बाहेर जाऊन खा. बरेच जण जातात. तर्रीवरून होणारी चर्चाही सात मिनिटांत संपत नाही.

वर्गणी?

नाही.

बैठक कधी नसते?

नवरात्रात नसते. त्या नऊ रात्रींत बडोद्यात दुसरं काहीही ठेवणं हा वेडेपणा आहे. अर्धी मंडळी गरब्यात आणि उरलेली अर्धी त्यांना न्यायला-आणायला. गणपतीतही नसते. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढलं की आदल्या दिवशी ठरवतो. नदीकाठची माणसं पाण्याकडे आणि मगरींकडे लक्ष ठेवून असतात, त्यांचा शब्द अखेरचा.

रेकॉर्डिंग करून पाठवाल का?

नाही, आणि कारण शरमेचं काही नाही. फोन समोर धरला की माणसं भाषण करायला लागतात. त्याऐवजी एक वही आहे. कोण काय बोललं आणि पुस्तकाचं किंवा गाण्याचं नाव एवढंच त्यात लिहितो, शक्य असेल तर बोलणाऱ्याचं एखादं वाक्य जसंच्या तसं. दमलेल्या सासूचं वाक्य तिथूनच उचललंय. वही यजमानांच्या घरी महिनाभर राहते. ज्याला हवी त्याने जाऊन बघावी.

पहिल्यांदा येताना काय करायचं?

पहिल्या वेळी नुसतं ऐकायला बसलात तरी चालतं, ओळख करून द्यायचीही घाई नाही. बोलायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे पाळी धरता येते. पान आणणार असाल तर त्यात खूण घालून ठेवा, चष्मा विसरू नका, स्पीकर चार्ज करून आणा. दांडिया बाजारातली बरीच घरं जुनी आहेत, जिने उभे आणि अंधारे आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांनी आधी कळवा, त्या महिन्यात तळमजल्यावरचं घर धरतो. स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही.